कंबरलेजचा बंजारा-वृत्तांत : वंशकथेचें परीक्षण

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या भागांत बंजारा लोकांचे तांडे मोठ्या संख्येनें आहेत. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून हे लोक उत्तरेकडून दक्षिणेंत आले, याविषयीं वाद नाहीं. ते केव्हां आले, कोणाच्या आश्रयानें आले, आणि आज येथें नांदणाऱ्या कुळांचा संबंध त्या पहिल्या आगमनाशीं कसा जोडावयाचा, हे प्रश्न मात्र वादाचे आहेत. पुस्तकांतून त्यांचीं जीं उत्तरें वारंवार आढळतात तीं बहुधा एकाच ठिकाणाहून उचललेलीं असतात. तें मूळ ठिकाण तपासून पाहावें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वऱ्हाडच्या पोलीस खात्यांतील कंबरलेज नांवाच्या अधिकाऱ्यानें बंजारा जातीवर एक लहानसा निबंध लिहिला. तो प्रथम १८६९ च्या सुमारास लिहिला गेला आणि १८८२ मध्यें पुन्हा छापला गेला, असें रसेल मानतो. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील बंजारांवरील प्रकरण मुख्यतः याच निबंधावर उभें असून त्याला यवतमाळ व निमाड येथें जमविलेल्या माहितीची जोड आहे. १९११ च्या शिरगणतींत मध्यप्रांतांत सुमारें ५६,००० व वऱ्हाडांत सुमारें ८०,००० बंजारे होते, हेंही रसेलनेंच नमूद केलें आहे. एवढ्या मोठ्या समाजाच्या पूर्वेतिहासास एका पोलीस अधिकाऱ्याचा निबंध हाच मुख्य आधार व्हावा, ही गोष्ट संशोधकास स्वस्थ बसूं देणारी नाहीं.

कंबरलेजनें दिलेली कथा थोडक्यांत अशी. शहाजहान बादशहाचा वजीर आसफखान दक्षिणेच्या मोहिमेवर आला, त्याच्या फौजेबरोबर चारण शाखेचे बंजारे इ. स. १६३० च्या सुमारास दक्षिणेंत उतरले. राठोड कुळांतील भंगी व जंगी हे दोन नाईक आणि जादोन उर्फ बडतिया कुळांतील भगवानदास हा तिसरा नाईक, हे त्यांचे पुढारी. पहिल्या दोघांपाशीं १,८०,००० बैल व तिसऱ्यापाशीं ५२,००० बैल होते. चारापाण्याची ओढ पडली तेव्हां आसफखानानें भंगी-जंगींस सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट करून दिला. घरांतील रांजणाचें पाणी व छपराचें गवत घेण्याची मोकळीक, दिवसाकाठीं तीन खून माफ, आणि आसफाच्या घोड्यांबरोबर या नाईकांच्या बैलांनीं चालावें, असा त्याचा आशय. हा ताम्रपट भंगी नाइकाच्या वंशजांपाशीं हैदराबादेस असून त्या घराण्यांत वारस बदलला म्हणजे निजामाकडून त्यास खिलत मिळते, असेंही त्या वृत्तांतांत म्हटलें आहे.

प्रथम काळाचा विचार करूं. या मोहिमेनें अहमदनगर व वऱ्हाड हे प्रांत बादशाहींत आले, असें ही कथा सांगते. परंतु वऱ्हाड चांदबिबीच्या तहानें १५९६ सालींच अकबराकडे गेलेलें होतें, आणि निजामशाही पूर्णपणें संपली ती १६३६ सालीं. आसफखानाची स्वारी १६३१ ची, आणि ती विजापुरावर होती. म्हणजे राजकीय घटनांचा सांधा कथेंत चुकलेला आहे. तथापि एका बाबतींत कथा इतिहासाशीं विलक्षण जुळते. विजापूरचा वेढा आसफखानास उठवावा लागला तो मुख्यतः धान्य व दाणावैरण यांच्या टंचाईनें. आणि १६३० ते १६३२ हीं वर्षें गुजराथ व दख्खन येथें घोर दुष्काळाचीं होतीं. रांजणांतील पाणी आणि छपरावरील गवत मागण्याची पाळी येते ती अशाच वर्षांत. सुकाळाच्या काळीं हें कलम कोणास सुचलें नसतें. तेव्हां कथेच्या गाभ्यांत त्या दुष्काळी स्वारीची खरी आठवण उरलेली असावी, असें मानण्यास जागा आहे.

बैलांच्या संख्येसंबंधीं असें म्हणतां येत नाहीं. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी १६३२ सालीं आग्र्याहून पाटण्यास जात असतां त्यास १४,००० बैलांचा एक तांडा भेटला, व तो त्यास नोंदण्याजोगा मोठा वाटला. कथेंतील दोन्ही संख्या मिळून २,३२,००० होतात, म्हणजे मंडीनें पाहिलेल्यासारखे सोळांहून अधिक तांडे एकाच फौजेमागें दुष्काळाच्या वर्षीं चालत होते असें मानावें लागेल. मनुष्यांस व घोड्यांस चारा मिळेना म्हणून जी फौज परतली तिच्यामागें एवढीं जनावरें जगलीं कशीं, याचें उत्तर कथा देत नाहीं. या संख्या मोजणीच्या नसून मोठेपणाच्या आहेत.

आतां ताम्रपट. मोगल दफ्तराची रीत सर्वश्रुत आहे. फर्मान, निशाण, परवाना, सनद हे सर्व फारसींत व कागदावर असत. त्यांवर मोहोर असे, तारीख असे. शहाजहानच्या कारकीर्दींतील दख्खनचे निवडक कागद हैदराबादच्या दफ्तर-इ-दिवानीनें १९५० मध्यें छापले आहेत, त्यांवरून खऱ्या हुकुमाचें रूप कसें असतें तें कोणासही पाहतां येईल. याउलट प्रस्तुत लेख हिंदुस्थानींत व यमकबद्ध आहे. रसेलनें पंक्ति व त्यांचा अर्थ तेवढा दिला आहे. पटाचा ठसा नाहीं, माप नाहीं, तिथि नाहीं. दिवसास तीन खून माफ करणारें कलम कोणत्याही वजिराच्या दफ्तरांतून निघणें शक्य दिसत नाहीं. भाटाच्या कवनांत तें शोभतें. 'आसफ' या नांवावरूनही काळ ठरत नाहीं. सुलेमान बादशहाच्या वजिराचें तें नांव वजिरांस बिरुद म्हणून लागत असे. शहाजहानच्या वजिरास तें होतें, आणि पुढें १७२५ च्या सुमारास निजाम-उल्-मुल्कास 'आसफजाह' हा किताब मिळाला. ज्या घराण्यास निजामाची खिलत मिळत असे त्या घराण्याच्या पटांत आसफाचें नांव कोणत्या काळीं शिरलें, हा प्रश्न म्हणून मोकळाच राहतो.

एवढ्यावरून तो पट बनावट ठरवून बाजूस टाकणें हेंही शास्त्रशुद्ध नव्हे. तोंडीं चालत आलेलें कवन मागाहून धातूवर उतरविलें असेल, तर सतराव्या शतकाविषयीं त्याची साक्ष कमी पडेल. पण तो ज्या काळीं कोरला त्या काळीं त्या घराण्याचा मान काय होता हें तो सांगेलच. खिलतीची गोष्ट तर दफ्तरांत पडताळून पाहण्याजोगी आहे. पट पाहणाऱ्यानें प्रथम ठसा घ्यावा, अक्षरांचें वळण पाहावें, आणि मगच वंशाची चर्चा करावी.

वंशकथेचा दुसरा भाग कुळांचा. राठोड, पवार, चव्हाण आणि जादोन उर्फ बडतिया हीं चारणांचीं चार मुख्य कुळें. या नांवांवरून रजपूत वंश सिद्ध झाला असें अनेक लेखक मानतात. येथें दोन प्रमाणें वेगळीं ठेविलीं पाहिजेत. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०७ सालच्या भागांत बंजारी बोलीचा संबंध पश्चिम राजस्थानीशीं लाविला आहे. हें प्रमाण भक्कम आहे. पण तें देश सांगतें, वंश सांगत नाहीं. मारवाडाकडून आलेला प्रत्येक राठोड जोधपूरच्या राजकुळांतला ठरत नाहीं. रसेलनें स्वतः या जातीचा उगम राजपुतान्यांतील चारण व भाट यांच्यांत शोधला आहे. ज्यांचा धंदाच इतरांच्या वंशावळी गाण्याचा, त्यांच्याकडे थोर कुळांचीं नांवें येणें अवघड नाहीं.

मग या लोकांच्या वंशपरंपरेंत विश्वसनीय असें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तेंच आमच्या मतें या परीक्षणाचें मुख्य फळ आहे. तांड्यांचे वंशगायक ढाडी हे कुळ, त्यांतील पाडे आणि पाड्यांतील पूर्वज यांचीं नांवें गाऊन सांगतात. राठोडाची मुलगी राठोडास देतां येत नाहीं. म्हणून सोयरीक जुळवितांना कोण कोणत्या शाखेचा हें बिनचूक ठाऊक असावें लागतें. ज्या माहितीचा नित्य उपयोग होतो व जी चुकल्यास भांडण उभें राहतें, ती शुद्ध राहते. उलट मूळपुरुष कोणत्या सालीं आला, त्याचे बैल किती, त्यास पट कोणी दिला, या गोष्टींवर कोणतीही सोयरीक अडत नाहीं. म्हणून त्यांत भर पडत जाते. सारांश, अशा वंशावळींत फांद्यांवर विश्वास ठेवावा, बुंध्यावर ठेवूं नये. कंबरलेजनें व त्याच्यामागून जाणाऱ्यांनीं नेमकें उलट केलें : बुंध्याची कथा इतिहास म्हणून उचलली, आणि फांद्या केवळ यादी म्हणून मांडल्या.

यास त्याची नोकरीही कारण झाली असावी. पोलिसास जात ओळखावयाची असते, व्यक्ति व कुटुंब हीं त्यास गुन्ह्यापुरतीं हवीं असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा तो काळ. त्याच्या आधीं अर्धें शतक जॉन ब्रिग्ज यानें मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडांत (१८१९) बंजारांवर लेख लिहिला. त्या काळीं ते फौजेस धान्य पुरविणारे म्हणून ओळखले जात. १८०३ सालीं वेलस्लीची मोहीम वऱ्हाडांत आडगाव व गाविलगड येथें संपली, तिच्या पत्रव्यवहारांत त्यांचा उल्लेख पदोपदीं येतो. सैन्याचा लेखक त्यांस पुरवठादार म्हणून पाहतो, पोलीस संशयित म्हणून. मध्यंतरीं बंजारे बदलले नव्हते, त्यांचा धंदा बुडाला होता. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली, आणि बैलांवरील लांबच्या वाहतुकीचें दिवस सरले. हें ध्यानांत न घेतां १८६९ च्या निबंधांतील वर्णन जातीचा कायमचा स्वभाव म्हणून उतरविणें अन्यायाचें आहे.

यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या बंजारा कुटुंबाचा इतिहास लावावयाचा तर वाट खालून वर जाणारी हवी. गांवच्या कोतवाल-बुकांतील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचें दाखल-खारीज, जमीनबंदोबस्ताचे कागद, आणि त्यांच्या जोडीस ढाडीनें सांगितलेली शाखा, हीं एकमेकांवर पडताळावीं. त्यांत तीन खांचखळगे आहेत. एक, जिल्ह्याची हद्द : पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यांत होता, व उरलेला जिल्हा वणीच्या नांवानें ओळखला जाई, तेव्हां जुने कागद त्या नांवांखालीं शोधावे लागतात. दुसरा, जातीचें नांव : एकाच घराची नोंद कोठें बंजारा, कोठें लमाण, कोठें लभाणा अशी होते, आणि वंजारी या वेगळ्या जातीशीं तिची गल्लत होते. तिसरा, आडनांव : बडतियांचें मराठींत जाधव होतें, चव्हाण व पवार हीं तर मराठ्यांच्या आडनांवांशीं एकरूप दिसतात. 'नाईक' हें मुळांत तांड्याच्या प्रमुखाचें पद. पुसद तालुक्यांतील गहुली येथें १९१३ सालीं जन्मलेले व १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव फुलसिंग नाईक यांच्या घराण्यांत तेंच पद आडनांव होऊन बसलें. पदावरून कुळ कळत नाहीं; त्यासाठीं शाखेचीच माहिती लागते.

हा विषय केवळ पुराणवस्तूंच्या हौसेचा नाहीं. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्यें रद्द झाला, बंजारा जात महाराष्ट्रांत विमुक्त जातींत गणली गेली, आणि जातीच्या दाखल्यासाठीं २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे आजे-पणजे तांड्याबरोबर फिरले त्यांस कोतवाल-बुकांतील एक ओळ ताम्रपटाहून मोलाची आहे. संग्राहकांचें लक्ष सोन्याच्या अक्षरांकडे सहज जातें. त्यांनीं तें कोतवालाच्या जीर्ण वह्यांकडे व ढाड्यांच्या मुखांतील शाखांकडे वळवावें, वहीची नक्कल घ्यावी, गायन जसेंच्या तसें टिपावें, आणि सांगणाऱ्याचें गांव व तिथि त्यावर लिहून ठेवावी, अशी त्यांस विनंती आहे. वही वाळवीपासून वांचवितां येते. ढाडी गेला म्हणजे त्याची वही त्याच्याबरोबर जाते.