एका तासाची किंमत

मंडळी, सिंगापूरच्या जॅक निओ या दिग्दर्शकाचा 'आय नॉट स्टुपिड टू' हा चित्रपट २००६ साली आला. इथे बरीच वर्षं राहिलेल्या आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. मी तो अलीकडे मुलांबरोबर पुन्हा पाहिला आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. मुलांच्या आणि कुटुंबाच्या नावानं बोलणाऱ्या संस्था इथे पुष्कळ आहेत, पण त्यातल्या किती जणी मुलाचं म्हणणं ऐकतात? म्हणून हे परीक्षण त्या चित्रपटाचं, आणि थोडंसं त्या संस्थांचंही.

गोष्ट साधीच आहे. पंधरा वर्षांचा टॉम आणि आठ वर्षांचा जेरी हे दोघे भाऊ. घरात सगळं काही आहे, फक्त आईवडिलांना वेळ नाही. जेरीला वाटतं, शाळेतलं आपलं काम बघायला त्यांनी यावं. तो बाबांना विचारतो, तुम्ही तासाला किती मिळवता? उत्तर मिळतं, पाचशे डॉलर. मग हा पठ्ठ्या पैसे जमवू लागतो आणि पुरत नाहीत तेव्हा चोरी करतो. कशासाठी, तर बाबांचा एक तास विकत घ्यायला! दुसरीकडे टॉमचा मित्र चेंगचाय. त्याचा बाप तुरुंगात जाऊन आलेला, मारकुटा. मुलावर त्याचा जीव आहे, पण ते बोलून दाखवायला मरणाची वेळ यावी लागते.

चित्रपटाची मोठी जमेची बाजू म्हणजे यात कोणी खलनायक नाही. हे आईवडील दुष्ट नाहीत, थकलेले आहेत. म्हणूनच हसता हसता आपण एकदम गप्प होतो. जेरीच्या प्रश्नावर आमच्याकडेही कोणी हसलं नाही.

पण शेवट मला पटला नाही. आईवडिलांचे डोळे उघडतात, डोळ्यांना पाणी येतं, घर पुन्हा एक होतं. छानच आहे. पण त्यांचे डोळे उघडलेच नसते तर? जेरीनं कोणाकडे जायचं? या प्रश्नाकडे चित्रपट वळतच नाही. मुलाचं सगळं भवितव्य आईवडिलांना सुचणाऱ्या शहाणपणावर टांगलेलं राहतं.

गंमत म्हणजे त्याच २००६ साली इथे नॅशनल फॅमिली कौन्सिल स्थापन झालं. पुढे २०१४ मध्ये त्याचं 'फॅमिलीज फॉर लाइफ' झालं. पालकांसाठी वर्ग, सहली, कुटुंबाचे उत्सव असं बरंच काम ही मंडळी करतात. 'सेंटर फॉर फादरिंग' या संस्थेनं तर २००३ पासून 'ईट विथ युअर फॅमिली डे' सुरू केला. त्या दिवशी कर्मचाऱ्यांना पाच वाजता घरी सोडा, अशी कंपन्यांना विनंती असते. जेरीला पाचशे डॉलरला पडणारा तास इथे फुकट मिळतो म्हणायचा! चेष्टा नाही करत. हा उपक्रम मला मनापासून आवडतो. पण इथेही बोलणं पालकांशीच आहे, चित्रपटासारखंच. मुलगा हा त्या संदेशाचा विषय असतो, बोलणारा नसतो.

याउलट सिंगापूर चिल्ड्रन्स सोसायटी बघा. १९५२ साली स्थापन झालेल्या या संस्थेनं १९८४ मध्ये 'टिंकल फ्रेंड' ही प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांसाठीची दूरध्वनी सेवा सुरू केली. फोन मूल स्वतः करतं, आईवडिलांमार्फत नाही. चित्रपट आला तेव्हा ही सेवा बावीस वर्षांची होती, म्हणजे आठ वर्षांच्या जेरीला एक दार उघडं होतं. आपल्या मुंबईत १९९६ साली सुरू झालेल्या १०९८ या चाइल्डलाइनमागेही हाच विचार होता.

संस्थांकडून आणखी एक अपेक्षा असते. नुसता संदेश नको, वकिलीही हवी. 'अवेअर' ही स्त्रियांची संस्था अविवाहित मातांसाठी वर्षानुवर्षं बोलत राहिली. त्यांना इतर मातांइतकीच सोळा आठवड्यांची रजा २०१७ पासून मिळू लागली. त्या आईच्या बाळाला कुटुंबाच्या गोड चित्रात जागा नव्हती, ती मागावी लागली. दुसरं उदाहरण छडीचं. चित्रपटात टॉमला साऱ्या शाळेसमोर छडीची शिक्षा होते. सिंगापूर १९९५ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झालं तेव्हाच सरकारनं नोंदवून ठेवलं, की मुलाच्या हितासाठी तारतम्यानं दिलेली शारीरिक शिक्षा आम्ही निषिद्ध मानत नाही. छडी योग्य की अयोग्य यावर आपल्यातही दोन तट पडतील. माझा मुद्दा एवढाच, की 'मुलाचं हित' ठरवणाऱ्यांच्या बैठकीत मुलाची बाजू मांडणारं कोणीतरी हवं. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या संस्थेची खरी कसोटी तिथे लागते, सहलीच्या गर्दीत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आपल्याला कशाला? आपली घरं सुखी आहेत. असतीलही. पण आपल्या लहानपणी बाबा रागावले तर आजीचा पदर होता, शेजारच्या काकू होत्या, सुट्टीत मामाचं घर होतं. मुलाला घरातल्या घरातच अपील करता येत असे! इथे कॉन्डोच्या दहाव्या मजल्यावर आईबाबा तेच न्यायाधीश आणि तेच फिर्यादी. शिवाय बायकोमुलांचा डिपेंडंट पास एकाच्या नोकरीवर अवलंबून. त्यामुळे 'घरातलं बाहेर सांगायचं नाही' या जुन्या शिकवणीला 'बाबांच्या नोकरीला धक्का लागेल' ही नवी भीती जोडली जाते. अशा घरातलं मूल चटकन गप्प बसतं, आणि आपण कौतुकानं म्हणतो, किती शहाणं आहे!

आपलं मंडळ मुलांसाठी स्नेहसंमेलनात नाच बसवतं, गणपतीत स्पर्धा घेतं. ते चालू राहूच दे. पण टिंकल फ्रेंडची माहिती आपल्या मुलांना आपणच द्यायला काय हरकत आहे? फ्रिजवर पिझ्झावाल्याच्या नंबरशेजारी हाही नंबर मावेल. आणि मुलानं कधी तो फिरवलाच, तर त्याला खोदून विचारू नका, की काय सांगितलंस.

चित्रपट मात्र जरूर पाहा, मुलांना जवळ घेऊन. दोन तास काढावे लागतील. जेरीच्या बाबांच्या हिशेबानं हजार डॉलर झाले.