सीतेचे दंड

झरी जामणीच्या गणेशोत्सवात एके वर्षी मी सीता झालो होतो. पहिल्याच प्रवेशात मागून कोणीतरी ओरडलं, "सीतामायले मिशा काहून फुटल्या बाप्पा?" पुढचं रामायण कोणी ऐकलंच नाही.

तेव्हापासून मूकपटातल्या अण्णा साळुंके या नटीबद्दल (हो, नटीच!) मला भलताच आदर आहे. म्हणतात, हे गृहस्थ मुंबईत ग्रँट रोडवरच्या हॉटेलात १० रुपयांवर स्वयंपाकी होते. दादासाहेब फाळक्यांनी १५ देऊ केले आणि १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांची तारामती केली. करतात काय? कॅमेऱ्यापुढे यायला एक बाई तयार होईना! १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम हेच आणि सीताही हीच. रावणाने दोघांची ताटातूट करून फाळक्यांवर केवढे उपकार केले!

परवा या चित्रपटाचा उरलेला तुकडा मोबाइलवर पाहिला. सीतेचे दंड बघून सौ. म्हणाली, "हिला कसलं रावणाचं भय? एक ठेवून दिली असती की!"

पोटभर हसलो. मग पुन्हा पाहिला. मुरका नाही, लाडिकपणा नाही. अंगावर लुगडं आहे म्हणून हा माणूस कुठे ओशाळत नाही. त्या काळी पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढीत, असं सांगतात. हसू आपलं आहे, शंभर वर्षांनंतरचं. विनोदी नटी व्हायची सगळी सोय असून साळुंक्यांनी ती नाकारली, हीच त्यांची कला.

माझी चूक मिशांची नव्हती, हे आता कळतं. त्या रात्री आधी मीच हसलो होतो.