बालवाचकांसाठी संगणकीय खेळ आणि त्यांची परीक्षा : एक चिकित्सा

संगणकशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि भाषाशास्त्र या तिन्ही विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांमध्ये अलीकडे एक प्रकल्प-विषय विशेष प्रिय झाला आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी अक्षरओळखीचा किंवा अंकओळखीचा एखादा संगणकीय खेळ रचावयाचा, जवळच्या प्राथमिक शाळेत नेऊन तो मुलांकडून खेळवून घ्यावयाचा आणि आलेल्या गुणांवरून त्याची उपयुक्तता सिद्ध करावयाची, असे या प्रकल्पांचे सर्वसाधारण स्वरूप असते. खेळाच्या रचनेवर पुष्कळ परिश्रम घेतलेले असतात. परीक्षेवर मात्र शेवटचा आठवडा खर्ची पडतो. परिणामी प्रबंधाच्या अखेरीस तीन विधाने हटकून येतात : खेळ मुलांना आवडला, उत्तरचाचणीत गुण वाढले, सबब हा खेळ शाळांतून उपयोगात आणावा. यांतील पहिल्या दोन विधानांवरून तिसरे निष्पन्न होते की काय, आणि मुळात ती दोन विधाने तरी पुराव्याने सिद्ध झालेली असतात की काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

सोलापूरच्या संदर्भात हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा राहत नाही. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून ध्वनी, चित्र आणि कविता मुलापर्यंत पोचविण्याच्या त्यांच्या प्रयोगाची जगभर दखल घेतली गेली. तेव्हा या जिल्ह्यात साधनांविषयी अनास्था आहे, असे म्हणता येणार नाही. दुसरी बाजू भाषेची आहे. शहराच्या पूर्वभागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड आणि शहरातील अनेक मोहल्ल्यांत दखनी उर्दू ही घरची भाषा आहे. या घरांतील पुष्कळ मुले मराठी माध्यमाच्या वर्गात बसतात. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या कानांना लागलेले वळण एकच असेल, असे येथे गृहीत धरता येत नाही. जी परीक्षा हे गृहीत धरते, ती परीक्षा खेळाची न राहता मुलाच्या घरच्या भाषेची होते.

प्रथम, संगणकीय खेळाने मुले शिकतात काय, या प्रश्नाचे उपलब्ध उत्तर पाहिले पाहिजे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांचे २००७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन येथे मार्गदर्शक आहे. 'प्रथम' या संस्थेच्या साहाय्याने बडोद्याच्या नगरपालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ देण्यात आले. एका संगणकावर दोन मुले बसत. शाळांची विभागणी यदृच्छेने केलेली होती. पहिल्या वर्षी गणिताचे गुण ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. भाषेच्या गुणांत मात्र फरक पडला नाही. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षाने पाहता हा लाभ सुमारे ०.१ इतकाच उरला होता. यावरून दोन गोष्टी उघड होतात. खेळाने जे शिकविले तेवढ्यातच वाढ झाली. संगणकासमोर बसल्याने एकूण बुद्धी तीक्ष्ण होते, ही समजूत टिकत नाही. आणि दुसरी अशी की, खेळ संपताच घेतलेली चाचणी ही शिकण्याच्या टिकाऊपणाविषयी काहीच सांगत नाही. लिंडेन यांनी पुढे गुजरातमध्येच केलेल्या दुसऱ्या अभ्यासात, शिक्षकाच्या अध्यापनाच्या जागी संगणक आणला असता मुलांचे नुकसान झाले, तर शाळेच्या वेळेबाहेर पूरक म्हणून दिला असता दुर्बल मुलांना लाभ झाला, असे आढळले. वर्गाचा एक तास घेऊन खेळ खेळविणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने 'या तासात शिक्षकांनी काय शिकविले असते?' या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. तुलना खेळ आणि रिकामा वेळ यांची नसून खेळ आणि तो तास यांची आहे.

आता नेहमीच्या प्रकल्पांतील दोषांकडे वळू. पहिला दोष आवडीच्या मोजमापाचा. हसऱ्या आणि रडव्या चेहऱ्यांच्या पाच चित्रांतून मुलाने एक निवडावयाचे, ही पद्धत इंग्लंडमधील जॅनेट रीड आणि स्टुअर्ट मॅकफार्लेन यांच्या कामातून रूढ झाली. लहान मुले बहुधा सर्वांत हसरा चेहराच निवडतात, हेही त्याच अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. पाहुणे शाळेत आले आहेत, त्यांनी टॅबलेट आणले आहेत, गुरुजी मागे उभे आहेत. अशा स्थितीत सहा वर्षांचे मूल 'आवडले नाही' असे म्हणेल, ही अपेक्षाच अवास्तव होय. म्हणूनच 'पुन्हा खेळशील काय?' असे विचारणे, अथवा दोन खेळ ठेवून मूल दुसऱ्या दिवशी कोणता उचलते हे पाहणे, अधिक विश्वसनीय ठरते. मूल जे बोलते त्यापेक्षा ते जे करते, त्याला पुराव्यात अधिक वजन असावे.

दुसरा दोष चाचणीच्या घटकांचा. खेळात जी अक्षरे दाखविली तीच पूर्वचाचणीत आणि तीच उत्तरचाचणीत येतात. मग वाढलेले गुण अक्षरज्ञानाचे की त्या विशिष्ट चित्राच्या आणि रंगाच्या स्मरणाचे, हे ठरविण्यास मार्ग उरत नाही. शिवाय चार पर्यायांतून एक निवडावयाचा असेल, तर वीस प्रश्नांत सरासरी पाच उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येतात. बरोबर उत्तर येईपर्यंत पुन्हापुन्हा बोट लावण्याची मुभा खेळाने दिली आणि शेवटचाच स्पर्श मोजला, तर प्रत्येक मूल पूर्ण गुण मिळवील. अशा वेळी पहिल्या स्पर्शाची नोंद घेणे हा किमान नियम होय.

या दोषावरील उपाय भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. जीन बर्को यांनी १९५८ साली 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रे दाखवून निरर्थक शब्दांची अनेकवचने करावयास लावली. जो शब्द मुलाने कधी ऐकलेलाच नाही त्याचे रूप ते बिनचूक करते, तेव्हा त्याने नियम आत्मसात केला आहे, पाठांतर केलेले नाही, हे सिद्ध होते. हेच तत्त्व बाराखडीला लावता येते. खेळात 'का', 'कि', 'मु', 'पे' ही अक्षरे शिकविली असतील, तर चाचणीत 'पु', 'मि', 'के' ही न शिकविलेली जुळणी द्यावी. पुढे 'मुपे', 'किमु' असे अर्थहीन शब्द वाचावयास द्यावेत. मूल ही वाचू लागले, तर काना, वेलांटी, उकार आणि मात्रा यांची व्यवस्था त्याला उमगली, असे म्हणण्यास आधार मिळतो. यात ऱ्हस्व वेलांटीची परीक्षा विशेष उद्बोधक आहे. कारण ती व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांविषयी २००७ साली दाखवून दिले की, अक्षरमालेचे ज्ञान पहिल्या वर्षात पुरे होत नाही. ते पुढे तिसरी-चौथीपर्यंत चालू राहते. देवनागरीची घडण त्याच जातीची आहे. मग आठ दिवसांच्या खेळाने 'अक्षरओळख पूर्ण झाली' हे विधान किती जपून करावे, हे निराळे सांगावयास नको.

तिसरा दोष सर्वांत गंभीर, आणि सोलापुरात तो टाळताच येत नाही. खेळ एक ध्वनी ऐकवितो आणि मुलाने त्याचे अक्षर निवडावयाचे असते. मराठीत 'च' आणि 'ज' या अक्षरांना प्रत्येकी दोन उच्चार आहेत. 'चार' या संख्येतील आणि 'गुरे चार' यातील 'च' निराळे. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतील 'ज' निराळे. खेळातील आवाजाने तालव्य 'च' उच्चारला आणि शेजारी चाकाचे चित्र दाखविले, तर मराठी घरातील मूलही क्षणभर थबकेल. तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या भाषेत दंततालव्य उच्चार परका नाही. कन्नड बोलणाऱ्या मुलाला तो नव्याने शिकावा लागतो. उलट 'ळ' हा वर्ण कन्नड आणि तेलुगू मुलांच्या घरचा आहे. दखनी उर्दू बोलणाऱ्याला 'ल' आणि 'ळ' यांतील भेद कानाने पकडणे कठीण जाणे संभवते. कन्नड व तेलुगू बोलींत महाप्राण व्यंजने मुख्यतः आगंतुक शब्दांत येतात आणि रोजच्या बोलण्यात पुष्कळदा अल्पप्राण होतात. तेव्हा 'ख' ऐकून 'क' वर बोट ठेवणाऱ्या मुलाची चूक अक्षराची आहे की श्रवणाची, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. खेळ या सर्व चुकांना एकच लाल फुली देतो. प्रकल्पकार त्या फुल्यांची बेरीज करतो आणि मुलाला 'मंद' गटात टाकतो.

चित्रांच्या बाबतीतही असेच घडते. 'ब' साठी बदक दाखविले, पण मुलाने घरी त्या पक्ष्याचे तेलुगू नावच ऐकले असेल, तर त्याची परीक्षा शब्दसंग्रहाची झाली, अक्षराची नव्हे. अक्षराच्या आकाराचाही प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही वळणे प्रमाण मानली. संगणकावरील अनेक टंकांत मात्र हिंदी वळणाची रूपे आढळतात. मुलाने पुस्तकात एक 'ल' पाहावा आणि पडद्यावर दुसरा ओळखावा, ही अपेक्षा परीक्षकाला जाणवतही नाही. कारण प्रौढ वाचकाला दोन्ही रूपे सारखीच वाटतात.

यावर उपाय अवघड नाही. गुणांच्या बेरजेऐवजी चुकांचे कोष्टक करावे : कोणता ध्वनी ऐकविला आणि कोणत्या अक्षरावर बोट गेले. घरची भाषा शिक्षकांकडून आणि पालकांकडून विचारून त्या कोष्टकाची वाटणी करावी. ध्वनिभेद कानाला कळतो की नाही, हे अक्षराशिवाय, केवळ 'सारखे की वेगळे' असे विचारून आधी पाहावे. बारा मुलांचे असे कोष्टक शंभर मुलांच्या सरासरीपेक्षा खेळ सुधारण्यास अधिक उपयोगी पडेल. कारण सरासरीवरून खेळात नेमके काय बदलावे हे कळत नाही.

चौथा दोष परीक्षेच्या वातावरणाचा आहे. लिबी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मुलांकडून साधने तपासून घेण्याविषयी जे नियम मांडले, त्यांचा रोख असा की, परीक्षा मुलाची नसून साधनाची आहे, हे मुलाला आरंभीच समजावून सांगावे. प्राथमिक शाळेत 'चाचणी' या शब्दाबरोबर पट, गुण आणि छडीची आठवण येते. तेव्हा हे समजावणे नुसत्या एका वाक्याने भागत नाही. दोन मुलांना एका पडद्यासमोर बसविल्यास ती आपसांत बोलतात. कोण बोट लावतो, कोण सांगतो, कोणत्या भाषेत सांगतो, ही नोंद गुणांहून मोलाची ठरते. मॅथ्यू कॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, पाश्चात्त्य धर्तीचे संगणकीय खेळ भारतीय खेड्यांतील मुलांना सहज उमगत नाहीत. म्हणून २००९ साली त्यांनी खेड्यांतील पारंपरिक खेळांचाच अभ्यास मांडला. मूल अडखळले तेव्हा त्याला अक्षर कळले नाही की खेळाचा नियम कळला नाही, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक परीक्षकापुढे उभा राहतो.

येथे असा आक्षेप संभवतो की, एका सत्राच्या प्रकल्पाकडून एवढी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. विद्यार्थ्याजवळ वेळ नाही, साधने नाहीत, आणि शाळाही फार दिवस वर्ग देत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष निराळा आहे. साधने अल्प असतील तर दावाही अल्प असावा. 'खेळामुळे शिक्षण सुधारते' हे विधान एका सत्रात सिद्ध होणार नाही. 'या खेळातील च च्या उच्चारापाशी तेलुगू आणि कन्नड घरांतील मुले निरनिराळ्या रीतीने अडतात' हे विधान मात्र एका सत्रात, एका शाळेत, दोन टॅबलेटांवर तपासता येते, आणि ते खेळ रचणाऱ्याला तसेच शिक्षकाला उपयोगी पडते. ॲलिसन ड्रुइन यांनी २००२ साली साधननिर्मितीत मुलाच्या चार भूमिका सांगितल्या : वापरणारा, परीक्षक, माहिती देणारा आणि रचनेतील भागीदार. प्रकल्पांच्या मुखपृष्ठावर मूल परीक्षक असते. आतील पानांत ते परीक्षार्थी होऊन बसते. हा उलटफेर सुधारावयाचा तर पालकांची संमती घेणे, मुलाला नको असेल तेव्हा उठून जाऊ देणे, आणि त्याचे नाव व गुण शाळेच्या पटापासून वेगळे ठेवणे, एवढे तरी पाळले गेलेच पाहिजे.

महाराष्ट्राला या बाबतीत परदेशाकडेच पाहावे लागते असेही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ पासून ते कार्य कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह चालविले. परिसरातील वस्तू हेच तेथे साधन होते, आणि साधन मुलाला जमत नसेल तर साधन बदलावे, हा त्या कामाचा बाणा होता. संगणकीय खेळ हे आणखी एक साधन होय. त्यालाही हीच कसोटी लावावयाची आहे. मार्गदर्शकांनी पुढील सत्रापासून प्रकल्पाचा आराखडा मान्य करतानाच न शिकविलेल्या अक्षरांची चाचणी, पहिल्या स्पर्शाची नोंद, घरच्या भाषेनुसार चुकांचे कोष्टक आणि काही आठवड्यांनंतरची फेरचाचणी, या चार गोष्टींचा आग्रह धरला, तरी सोलापूरच्या शाळांतून गोळा होणारी सामग्री मराठी वाचनशिक्षणाच्या अभ्यासकांना कामाची होईल. ती नसेल, तर खेळाच्या अपयशाचे माप मुलांच्या पदरी पडत राहील.