एएके१: एंडोसायटोसिसचा ब्रेक की मदतनीस?

कॉनर आणि श्मिड यांचा २००२ चा पेपर जरूर वाचा. एएके१ हा कायनेज त्यांनीच ओळखला. पण निष्कर्ष जपून काढा. बाहेरून जादा एएके१ दिल्यावर ट्रान्सफेरिन आत घेणं मंदावलं. मग हे जनुक ब्रेक ठरतं का? इतक्यात नको. हाच कायनेज एपी-२ च्या म्यू२ भागात थ्रिओनिन १५६ वर फॉस्फेट बसवतो, आणि त्यामुळे एपी-२ रिसेप्टरला जास्त घट्ट धरतो. म्हणजे मदतच! फॉस्फेट बसणं आणि निघणं दोन्ही लागत असेल, तर अतिरेकानेही काम अडेल. जादा प्रथिन देऊन फक्त अतिरेकाचा परिणाम दिसतो. रोजचं काम कळायला जनुक गप्प करायचं, मग मूळ आणि निष्क्रिय कायनेज वेगवेगळे परत घालून बघायचं. कुठलाही पेपर वाचताना हे कंट्रोल आधी शोधा.