नादमधुर पोकळपणा

'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनसंग्रहात केशवकुमारांनी समकालीन कवींची वृत्ते व शब्दकळा उचलून त्यांत क्षुल्लक विषय बसविले. वाचताना हसू येते. पण ओळ कानास गोडच लागते! नादाचे सुख अर्थावाचूनही पुरेपूर मिळते, हे यावरून उघड होते. शिवाय पोकळ लेखन वाचकाकडून काहीच मागत नाही. त्या पोकळीत तो आपलीच भावना भरतो आणि ती लेखकाची म्हणून वाखाणतो. ही सवय लावतो कोण? निबंधात 'सोनेरी किरणांची उधळण' दिसताच गुण वाढविणारे परीक्षक, असे आमचे स्पष्ट मत आहे. अशा वाक्याखाली रेघ ओढून 'म्हणजे काय?' एवढेच विचारावे. पुष्कळदा विद्यार्थी ते वाक्य आपणच खोडतो.