फ्रँकलिनच्या चिंध्या आणि हिमावरची काजळी

काळा रंग ऊन अधिक शोषतो हे शिकवताना बेंजामिन फ्रँकलिनचा दाखला अनेकदा दिला जातो. मूळ मजकूर म्हणजे त्याच्या लंडनच्या घरमालकिणीची मुलगी मेरी स्टीव्हन्सन हिला लिहिलेले पत्र. १७६९ साली ते त्याच्या ग्रंथात छापले गेले. शिंप्याकडच्या नमुन्यांतले रंगीत कापडाचे तुकडे त्याने लख्ख उन्हाच्या सकाळी हिमावर मांडले. काही तासांनी काळा तुकडा इतका खोल गेला, की त्याच्यावर ऊन पोचेना. गडद निळा जवळजवळ तितकाच खचला, फिकट रंग त्याहून कमी, आणि पांढरा जिथल्या तिथे! ना तापमापी, ना तराजू. शिक्षकांना हेवा वाटावा असाच हा प्रयोग आहे.

‘ऊन पोचेना’ हा तपशील गाळला जातो, याचे आम्हांला वाईट वाटते. ग्रीनलंडच्या बर्फावर काळपट धुळीने पडलेली अशीच भोके नॉर्डेनशल्डने १८७० साली वर्णिली. धूळ खाली जाते, आणि खोलीबरोबर तिला मिळणारे ऊन घटते.

आमचा आक्षेप आहे तो हे पत्र काजळीला सरसकट लावण्याला. फ्रँकलिनचे लक्ष कपड्यांवर होते. उन्हाळी टोपी पांढरी असावी, असे निष्कर्ष तो काढतो. हिम ही त्याची केवळ मोजपट्टी. काजळी मात्र चिंधीसारखी वर पसरत नाही, कणांमध्ये मिसळते. दृश्य प्रकाश हिमकण फारसा शोषत नाहीत. तो कणाकणांवरून असंख्य वेळा विखुरतो आणि वाटेत काजळीचा कण गाठ पडण्याची शक्यता वाढते. म्हणून अब्जात काही दशक भाग काजळीही पुरते. परावर्तन ९० टक्क्यांवरून ८७ वर आले तर फरक किरकोळ वाटेल. पण शोषण १० वरून १३ वर गेले, म्हणजे तीस टक्क्यांनी वाढले! वितळू लागलेल्या हिमाचे कण मोठे होतात, आणि मोठे कण आणखी कमी ऊन परतवतात.

उलट, हिमनदीवर दगडमातीचा जाड थर असला तर तो गोधडीसारखा खालच्या बर्फाला वाचवतो. ऑस्ट्रेमने १९५९ साली हे मोजून दाखवले. चिंधीच्या प्रयोगात जाडीला जागाच नाही.

आपल्याकडे हिमाऐवजी बर्फाची लादी घ्यावी लागेल. पण इथली उष्ण हवाच ती वितळवते. तेव्हा तेच तुकडे दुसऱ्या लादीवर सावलीत ठेवावेत, आणि तिथली घट उन्हातल्या घटीतून वजा करावी.