आधी घोडा कुणाचा, मग रिकीब

लिन व्हाइट यांनी १९६२ च्या पुस्तकात मांडलं, की रिकीब आली, स्वार खोगिरावर पक्का बसला, भाल्यानं धडक देऊ लागला. त्याला पोसायला जमिनी वाटल्या गेल्या आणि युरोपात सरंजामशाही उभी राहिली. मांडणी देखणी, पण आपल्याकडं ती अडखळते. सांचीच्या शिल्पांत अंगठा अडकवायची रिकीब दिसते, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यामागून तशी व्यवस्था आली नाही. पुढं मराठी फौजेत शिलेदार आणि बारगीर, दोघंही रिकिबीत पाय घालूनच लढले. मग फरक कशाचा? शिलेदाराचा घोडा, खोगीर, लगाम स्वतःचं, बारगिराचं सरकारी. दर्जा मालकीनं ठरला. साखऱ्यातल्या शेतकऱ्याला हे समजावायला नको: औत तेच, बैल कुणाचे ते बघा. व्हाइट मालकीपर्यंत पोचतात, पण रिकिबीमागून. वाट उलटी हवी होती.